प्रबलनातून घडवलेले वर्तन : परभणीतील एका श्वान-प्रशिक्षण वर्गाचे परीक्षण

परभणीत वसमत रस्त्यालगतच्या एका मोकळ्या मैदानावर पहाटे भरणाऱ्या श्वान-प्रशिक्षण वर्गाचे हे परीक्षण आहे. वर्गाची मुदत आठ आठवडे असून आठवड्यातून दोन दिवस मैदानावर शिकवले जाते, पंधरवड्यातून एकदा प्रशिक्षक घरी किंवा शेतावर येतात, आणि या सर्वांचे मिळून सात हजार रुपये शुल्क घेतले जाते. कुत्रे आणून सोडावे आणि शिकून तयार झाले की घेऊन जावे, अशी सोय येथे नाही; घरातील एक तरी जाणते माणूस प्रत्येक वेळी कुत्र्याबरोबर हजर असावेच लागते. ही अट अनेकांना जाचक वाटते आणि चौकशीला आलेले काही जण ती ऐकूनच परत जातात. माझ्या मते मात्र या सेवेचे खरे मोल त्या अटीतच आहे, कारण येथे प्रामुख्याने शिकवले जाते ते माणसाला, आणि माणूस शिकला तरच कुत्र्याचे शिक्षण टिकते.

मी बरीच वर्षे अध्यापक विद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवत होते. साधक अभिसंधान (कृतीच्या फळातून होणारे शिक्षण), प्रबलन (बक्षीस देऊन कृती दृढ करणे), विलोपन (बक्षीस थांबवून कृती विझवणे) या संकल्पना डी.एड.च्या विद्यार्थ्यांपुढे मांडणे हे माझे नित्याचे काम होते. त्यामुळे वर्गात जे चालले आहे ते शास्त्राला धरून आहे की नुसती चमत्काराची भाषा आहे, हे तपासत राहणे मला स्वाभाविक होते. हे परीक्षण थोडे लांबले आहे, ते त्यामुळेच.

आधी आमच्या चांदीविषयी सांगितले पाहिजे, कारण कुत्र्याची जात लक्षात घेतल्याशिवाय प्रशिक्षणाचे गुणदोष कळत नाहीत. चांदी कारवानी जातीची आहे. लातूर-सोलापूरच्या पट्ट्यात पूर्वापार पाळली जाणारी ही कुत्री नजरेने शिकार हेरणारी आणि वेगाने पाठलाग करणारी असतात. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि निमुळते डोके अशी त्यांची अंगकाठी असते. घरच्या माणसांशी ती एकनिष्ठ असतात, परक्याने अंगाला हात लावलेला त्यांना खपत नाही, आणि खाण्याची लालूच दाखवून त्यांना झटकन वश करता येत नाही. आम्ही चांदीला आणले ते आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राखणीसाठी. सोयाबीन आणि तुरीच्या रानात रानडुकरे व हरणे शिरतात, हे परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. डुकरांची चाहूल लागताच भुंकून सालगड्याला जागे करणे हे तिचे कामच आहे. परंतु काळवीट दिसले की ती बांधामागून बांध ओलांडत दृष्टीआड होते. काळवीट हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित केलेला प्राणी आहे, आणि आपल्या कुत्र्याने त्याच्या मागे लागणे ही कौतुकाने सांगण्याची गोष्ट नव्हे. म्हणून हाक मारताच पाठलाग सोडून परत येणे, एवढी एक गोष्ट तरी तिने पक्की शिकावी, ही आमची मुख्य अपेक्षा होती. घरी पाहुणे आले असता अंगावर न जाता आपल्या जागेवर बसणे, ही दुसरी.

पहिल्या दिवशी कुत्री घरीच ठेवून यायला सांगितले जाते. प्रत्येकाच्या हातात एक क्लिकर दिला जातो: तळहातात मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत पोलादी पट्टी, दाबली की ‘टक्’ असा कोरडा, आखूड, दर वेळी सारखाच आवाज. जत्रेत पोटाखाली दाबून वाजवायचे पत्र्याचे बेडूक मिळत, त्यांची रचना हीच होती, आणि गंमत म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये प्राण्यांना कसे शिकवावे याविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला तेव्हा त्यांनीही अशाच टकटक वाजणाऱ्या खेळण्याची शिफारस केली होती.

त्यानंतर माणसांनी माणसांना शिकवायचे, असा खेळ होतो. आमच्यातील एका निवृत्त पोलीस हवालदारांना मैदानाबाहेर उभे करण्यात आले, आणि ते परत आल्यावर त्यांनी कोपऱ्यातली रिकामी बादली उचलून पालथी घालावी, असे बाकीच्यांनी ठरवले. त्यांना काही सांगायचे नाही, खूण करायची नाही. त्यांची कृती ठरलेल्या दिशेने सरकली की ‘टक्’, आणि प्रत्येक आवाजानंतर फुटाण्याचे दोन दाणे. क्लिकर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीच्या हातात होता. हवालदारांनी बादलीकडे मान वळवली, पण तिचा अंगठा दाबला जाईपर्यंत त्यांनी टोपी सारखी करण्यासाठी हात डोक्याकडे नेला होता, आणि आवाज नेमका त्या क्षणी झाला. पुढे बराच वेळ ते पुन्हा पुन्हा हात डोक्याकडे नेत राहिले. त्यात त्यांचे काहीच चुकत नव्हते. ज्या क्षणी आवाज झाला त्या क्षणी जे घडत होते तेच त्यांनी पुन्हा केले. मग प्रशिक्षकांनी स्वतः क्लिकर घेतला. आधी मान वळल्याबद्दल, मग त्या दिशेने एक पाऊल टाकल्याबद्दल, मग बादलीजवळ पोहोचल्याबद्दल, मग वाकल्याबद्दल आवाज देत देत त्यांनी थोड्याच वेळात बादली पालथी करून घेतली. दिवसभर व्याख्यान देऊन जे पटले नसते ते या खेळाने सर्वांना पटले: शिकणाऱ्याचा गोंधळ हा बहुतेक वेळा शिकवणाऱ्याच्या हाताच्या विलंबातून जन्मलेला असतो.

या खेळामागे जो विचार आहे त्याचा इतिहास वर्गात फारसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा असे मला वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून केलेले प्रयोग १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. फळ समाधानकारक मिळाले की कृती दृढ होते, हे त्यांतून स्पष्ट झाले. परंतु पेटीची कडी उघडण्याची कृती मांजराकडून आधी योगायोगाने घडावी लागत होती. जी कृती प्राण्याने एकदाही केलेली नाही ती त्याला शिकवायची कशी, हा प्रश्न तसाच राहिला होता. १९४३ मध्ये मिनियापोलिस येथील पिठाच्या एका गिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर स्किनर आणि त्यांचे सहकारी युद्धकाळातील एका योजनेसाठी कबुतरांना शिकवत होते. हाती रिकामा वेळ असताना त्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवण्याचे ठरवले आणि कबुतर चेंडूला चोच मारील तेव्हा दाणे द्यायचे म्हणून वाट पाहत बसले. काहीच घडले नाही. मग त्यांनी चेंडूकडे नुसते पाहण्यालाही दाणे दिले, नंतर चोच चेंडूच्या दिशेने नेण्याला, नंतर स्पर्शाला. आणि काही मिनिटांतच कबुतर चेंडू टोलवू लागले. हव्या असलेल्या कृतीशी थोडेसे साम्य असलेल्या हालचालीपासून सुरुवात करायची, आणि कसोटी हळूहळू वाढवत न्यायची, ही वर्तन घडवण्याची रीत अशी हाताने, समोरासमोर शिकवताना स्पष्ट झाली. परभणीच्या मैदानावर हवालदारांच्या बाबतीत घडले ते नेमके हेच.

दुसऱ्या भेटीत आवाजाला अर्थ दिला जातो. आवाज झाला की लगेच खाऊ, एवढेच अनेकदा करायचे, म्हणजे तो आवाजच प्रबलक बनतो. याची गरज काय, असा प्रश्न एका शेतकऱ्याने विचारला. खाऊ तर आपण देतोच. प्रशिक्षकांचे उत्तर चोख होते. कुत्रे बसल्यावर खिशात हात घालून, तुकडा काढून, तो तोंडापर्यंत नेईस्तोवर कुत्रे उठलेले असते, आणि मग बसण्याऐवजी उठण्यालाच बक्षीस मिळते. आवाज मात्र बसण्याच्या क्षणावर अचूक ठेवता येतो आणि खाऊ येईपर्यंतचे अंतर भरून काढतो. खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे सुचवले गेले, शाकाहारी घरांसाठी पनीर. द्राक्षे, मनुका, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात, ही सूचना आवर्जून देण्यात आली, आणि ज्या घरांत शिळे कालवण कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत आहे तेथे ती फार उपयोगाची आहे.

चांदीला गोणपाटावर जाऊन बसायला शिकवले गेले, तो भाग मी सविस्तर सांगते, कारण या सेवेची गुणवत्ता तेथे सर्वांत स्पष्ट दिसली. प्रशिक्षक आमच्या घरी आले, ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरले आणि आम्हाला गप्प बसायला सांगितले. चांदीला ओढून तेथे नेले नाही, हाताने दाबून बसवले नाही. ती ओसरीभर फिरत राहिली, आणि तिची नजर गोणपाटाकडे गेली की ‘टक्’ आणि तुकडा. काही वेळाने ती मुद्दाम तिकडे पाहू लागली. आता नुसत्या पाहण्याला आवाज बंद झाला. चांदी थांबली, माझ्याकडे पाहिले, अस्वस्थ होऊन एक पाऊल पुढे टाकले, आणि त्या पावलाला आवाज मिळाला. आधीच्या पायरीचे बक्षीस थांबले की प्राण्याच्या वर्तनात विविधता येते, तो निरनिराळे प्रयत्न करून पाहतो, आणि त्यांतलाच एखादा पुढच्या पायरीचा असतो, हे मी पुस्तकातून शिकवले होते. डोळ्यांसमोर ते घडताना पाहण्याचे समाधान वेगळे आहे. एक पंजा गोणपाटावर, मग दोन, मग चारही, मग बसणे, मग आडवे होणे, अशा पायऱ्या झाल्या. एका बैठकीचा अवधी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नसे, आणि कुत्रे उत्साहात असतानाच बैठक संपवली जाई.

कसोटी केव्हा वाढवायची, याचा साधा नियम त्यांनी घालून दिला होता. दहापैकी आठ वेळा जमू लागले की पुढची पायरी. निम्म्याहून कमी वेळा जमले तर एक पायरी मागे. आणि एका वेळी एकच गोष्ट कठीण करायची. बसण्याचा अवधी वाढवायचा असेल तर अंतर कमी ठेवायचे, अंतर वाढवायचे असेल तर अवधी कमी, आणि नवे माणूस समोर आणायचे असेल तर दोन्ही कमी. कारवानीसारख्या संशयी स्वभावाच्या कुत्रीला हा संथपणा मानवला. त्याच तुकडीतील एक लॅब्रॅडॉर पहिल्याच आठवड्यात गोणपाटावर लोळू लागला होता आणि चांदीला त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. प्रशिक्षकांनी या दोघांची तुलना एकदाही केली नाही, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते.

घरच्या भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. माझ्या आईचे वय झाले आहे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाकरीचा चतकोर चांदीला टाकणे हा तिचा रोजचा आनंद आहे. चांदी उंबऱ्यावर पाय ठेवून उभी राहते, कधी पदर ओढते, आणि कधी तुकडा मिळतो, कधी मिळत नाही. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने वर्तन जितके चिवट होते तितके दर वेळी मिळणाऱ्या प्रबलनाने होत नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या निरनिराळ्या वेळापत्रकांवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातून या विषयाची व्याप्ती दिसते. म्हणजे आई नकळत, अत्यंत परिणामकारक रीतीने, पदर ओढण्याचेच शिक्षण देत होती. अशा ठिकाणी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दोष देणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. हे मात्र तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, “आजी, भाकरी बंद करू नका. फक्त ती खाली बसल्याबिगर हात पुढं करायचा नाही, एवढं बघा.” आईने मान डोलावली आणि म्हणाली, “बसली तरच देते, बाबा.” तिने ते इतके काटेकोरपणे पाळले, की घरात चांदी सर्वांत आधी आणि सर्वांत पक्की बसायला लागली ती आईसमोर. आईच्या हाताला घाई नव्हती आणि तिने एकदाही सूट दिली नाही, ही त्यामागची कारणे.

फाटकाशी भुंकण्याच्या बाबतीत विलोपनाचा उपयोग झाला. चांदी भुंकली की कोणीतरी वैतागून फाटक उघडायचे, म्हणजे भुंकण्याचे फळ तिला मिळायचे. आता ती शांत असतानाच फाटक उघडायचे ठरले. येथे प्रशिक्षकांनी जी पूर्वसूचना दिली तिच्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते: पहिले काही दिवस भुंकणे कमी होणार नाही, उलट वाढेल, अधिक कर्कश होईल, आणि ज्या दिवशी तुम्ही हार मानून उघडाल त्या दिवसापासून ती तेवढ्या मोठ्याने भुंकायला शिकेल. बक्षीस थांबल्यावर वर्तन विझण्याआधी एकदा भडकते, हे आधी माहीत असले तर घरातील माणसे तग धरतात. शेजाऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवावी, हेही त्यांनीच सुचवले. आमच्या गल्लीत त्यामुळे कटुता आली नाही.

आता मुख्य अपेक्षेकडे, म्हणजे हाकेला परत येण्याकडे वळते. येथे वर्गाची कामगिरी अर्धी चांगली आणि अर्धी अपुरी आहे.

चांगला भाग असा. हाक मारून कुत्रे आले की लगेच साखळी अडकवणे, हे आपल्याकडे सर्रास चालते, आणि त्यातून कुत्रे शिकते ते एवढेच, की हाकेला जवळ गेले की मोकळीक संपते. वर्गात सांगितलेला उपाय साधा होता. दहा वेळा बोलवायचे, नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडायचे, आणि साखळी एखाद्याच वेळी लावायची. अंगणातून सुरुवात, मग लांब दोर बांधून मैदानावर, मग दोर बांधूनच शेतावर, आणि प्रत्येक नव्या जागी पुन्हा सोप्या पायरीपासून. ओसरीत शिकलेले शेतात आपोआप लागू पडत नाही, हे त्यांनी वारंवार बजावले. हाक पक्की झाल्यावर खाऊ दर वेळी न देता मधूनमधून द्यायचा, कधी एक तुकडा, कधी पाच, हेही योग्य वेळी शिकवले गेले. आज चांदी डुकरांच्या चाहुलीवरून, शेजारच्या आखाड्यावरच्या कुत्र्यांपासून, शेळ्यांच्या कळपापासून हाकेसरशी परत येते, आणि याचे श्रेय निःसंशय या वर्गाला आहे.

अपुरा भाग काळविटाचा. काळवीट पळू लागले की चांदीला कोंबडीचा तुकडा दिसतच नाही. यावर प्रशिक्षकांचा सल्ला अधिक चविष्ट खाऊ आणण्याचा होता: उकडलेले अंडे, मग कलेजी. हा सल्ला मला पटला नाही आणि तो कामीही आला नाही. स्किनर यांच्याच हाताखाली शिकलेले केलर आणि मेरियन ब्रेलंड हे दांपत्य व्यावसायिक रीतीने शेकडो प्राण्यांना शिकवत असे, आणि १९६१ मध्ये त्यांनी आपल्या अपयशांविषयी एक प्रांजळ लेख प्रसिद्ध केला. लाकडी नाणी डब्यात टाकायला शिकलेली डुकरे काही आठवड्यांनी ती नाणी वाटेतच टाकून नाकाडाने उकरू लागत. रॅकून (उत्तर अमेरिकेतला एक लहान रानटी प्राणी) नाणी सोडायलाच तयार नसे, ती एकमेकांवर घासत बसे. भूक वाढवून उपयोग होत नव्हता, उलट प्रकार बळावत होता, कारण अन्नाशी जोडलेली उपजत प्रवृत्तीच शिकवलेल्या कृतीवर मात करत होती. पाठलागासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या कुत्रीला कलेजीच्या तुकड्याने रोखता येईल, अशी अपेक्षा धरणे म्हणजे या अनुभवाकडे पाठ फिरवणे आहे.

त्याऐवजी धावणेच बक्षीस म्हणून वापरायला हवे होते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा, की जी कृती प्राणी आपणहून जास्त करतो ती त्याच्या कमी आवडीच्या कृतीसाठी प्रबलक ठरू शकते. आधी माझ्याकडे ये, मग तुला मोकळ्या रानात, जिकडे हरणे नाहीत तिकडे, धावायला सोडते. हाकेच्या बदल्यात धाव. हा मुद्दा मी मांडला तेव्हा प्रशिक्षकांनी तो मोकळेपणाने ऐकून घेतला आणि दोराच्या टोकाला कातड्याचा तुकडा बांधून तो जमिनीवरून वेगाने ओढण्याचा खेळ पुढच्या भेटीत स्वतः करून दाखवला. हाकेला आल्यावर हा पाठलागाचा खेळ मिळू लागला तसा चांदीचा प्रतिसाद सुधारला. तरीही मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे: तिने कान टवकारले असताना, पहिली झेप घेण्यापूर्वी हाक दिली तर ती वळते, एकदा पूर्ण वेगात गेली की वळत नाही. म्हणून हरणांच्या वेळेला, पहाटे आणि सायंकाळी, आम्ही तिला लांब दोरावरच ठेवतो. शिकारी जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांना वर्गाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी, आणि धावण्याचा बक्षीस म्हणून वापर अभ्यासक्रमातच असायला हवा.

या वर्गाकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या शहरातील एका प्रशिक्षकांकडे चांदीला काही दिवस ठेवले होते. तेथे गळ्यात आवळणारी साखळी, झटका आणि दरडावणे ही साधने होती. ती परत आली तेव्हा बस म्हटले की बसत असे, परंतु शेपूट पोटाखाली घालून. आणि पूर्वी परका माणूस जवळ आला तर ती आधी गुरगुरत असे, ते गुरगुरणे बंद झाले होते. घरच्यांना ही प्रगती वाटली. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते; शिक्षेने ती सूचना दबते, मागची भीती तशीच राहते, आणि मग एखाद्या दिवशी कुत्रे सूचना न देता चावते. शिक्षेने काय करू नये एवढेच कळते, त्याऐवजी काय करावे हे कळत नाही, हा स्किनर यांचा आक्षेप या उदाहरणात तंतोतंत दिसतो. नव्या वर्गात आल्यावर प्रशिक्षकांनी चांदीचे गुरगुरणे परत येऊ दिले, त्याला रागावले नाहीत, आणि परक्या माणसाचे अंतर तिला सहन होईल इतके वाढवून तेथून पुन्हा पायरीपायरीने जवळ आणले. केवळ या एका कामासाठीसुद्धा मी त्यांचे शुल्क आनंदाने दिले असते.

काही व्यावहारिक उणिवा नोंदवते. हाती दिली जाणारी पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. आमच्या तुकडीत मराठी आणि दखनी बोलणारी माणसे होती, त्यांतल्या अनेकांना ती वाचता आली नाही, आणि घरी सराव कसा करायचा हे त्यांना फोन करून विचारावे लागले. तुकडीत कुत्री जास्त आहेत. शेवटच्या काही आठवड्यांत दोन नवी कुत्री मध्येच घेतल्याने भुंकण्याच्या गदारोळात अचूक क्षणी आवाज देणे अवघड झाले होते. उन्हाळ्यात वर्ग साडेसहाला सुरू होऊन आठपर्यंत चालतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे आठ वाजता जमीन कुत्र्याच्या तळपायांना सोसवत नाही, तेव्हा या दोन महिन्यांत तो साडेपाचला सुरू करावा. पाण्याची सोय आणि सावली मात्र आहे.

आपले कुत्रे दुसऱ्याने शिकवून द्यावे अशी अपेक्षा असेल, तर या वर्गात जाऊ नये, निराशा होईल. रोज दोन-तीन वेळा काही मिनिटे देणारे एक माणूस घरात असेल, आणि बाकीच्यांना एका नियमाखाली आणता येत असेल, तर परभणी, हिंगोली, जालना या भागात यापेक्षा विचारपूर्वक चालवलेला वर्ग माझ्या पाहण्यात नाही. पिल्लू असेल तर उत्तमच, पण मोठ्या आणि घाबरलेल्या कुत्र्यालाही येथे घेतात, इतकेच की अशा कुत्र्यासाठी पहिल्या भेटी घरीच द्याव्यात, अशी मागणी आधी करावी. दुसरे म्हणजे, नाव नोंदवताना रेबीजच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. तो नसेल तर शहरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आधी लस टोचून घ्यावी.